लिहायचं अडतं कुठे? : दासबोधातले तीन समास

गेल्या दोन व्याख्यानांनंतर जे प्रश्न आले, त्यातले निम्मे एकाच जातीचे होते. 'सर, लिहायचं आहे, पण सुरुवात होत नाही.' 'सुरुवात केली, दहा पानं झाली, आता पुढे सरकत नाही.' म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून यावरच बोलतो.

बाजारात यावर पुष्कळ पुस्तकं आहेत. बहुतेक अनुवादित. त्यांत वाईट काही नाही. पण आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या एका माणसानं या विषयावर मराठीत व्यवस्थित लिहून ठेवलंय, आणि आपण ते या दृष्टीनं वाचतच नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधाबद्दल बोलतोय मी. वीस दशक, दोनशे समास. घराघरांत त्याचं पारायण होतं, पण पारायणाच्या वेगात वाचलेला ग्रंथ तपासला जात नाही. आज मी त्यातले तीन समास काढणार आहे: आठव्या दशकातला सहावा, चौदाव्यातला तिसरा आणि एकोणिसाव्यातला पहिला. भक्तीचा ग्रंथ म्हणून नाही, लेखनविचार म्हणून. जिथं पटतं तिथं का पटतं ते सांगेन, आणि जिथं पटत नाही तिथं तेही सांगेन.

त्याआधी एक गैरसमज. रोज थोडं तरी लिहावं आणि सतत वाचावं, या अर्थाची एक ओळ समर्थांच्या नावावर शाळेच्या भिंतीभिंतीवर रंगवलेली असते. पुष्कळजण ती दासबोधातली म्हणून सांगतात. ती म्हणून बघा, कानालाच कळेल. ती भुजंगप्रयात वृत्तात आहे, मनाच्या श्लोकांच्या चालीवर जाते. दासबोध आहे ओवीत. म्हणजे ही ओळ दासबोधातली नव्हे. पण माझा मुद्दा कर्तृत्वाचा नाही, उपयोगाचा आहे. ज्याचं लिहिणं अडलंय त्याला 'रोज लिही' म्हणणं म्हणजे ज्याला झोप लागत नाही त्याला 'झोप बरं' म्हणण्यासारखं आहे. त्याला तेच तर जमत नाहीये! का जमत नाही, हे आधी विचारायला हवं. आणि ते विचारलंय दासबोधानं.

आता पहिला समास, दुश्चितपणाचा. दुश्चित म्हणजे चित्त जागेवर नसलेला. समर्थांपुढं अर्थातच निरूपण ऐकायला बसलेला श्रोता आहे. शरीर बसलंय, मन भलतीकडे. वाचलेलं लक्षात नाही, ऐकलेलं कानाआड. इथं ते एक साखळी मांडतात. दुश्चितपणातून आळस येतो, आळसातून झोप, आणि झोपेत आयुष्य जातं. या साखळीतला क्रम नीट पाहा. आपण सगळे उलटं समजतो. 'मी मुळातच आळशी आहे, म्हणून माझं लक्ष लागत नाही, म्हणून लिहून होत नाही.' समर्थ म्हणतात, आळस पहिला नाही, दुसरा आहे. आधी लक्ष जातं, मग आळस येतो.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो. 'मी आळशी आहे' हा स्वभावावरचा निकाल झाला, आणि निकालानंतर करण्यासारखं काही उरत नाही. 'माझं लक्ष इथं नव्हतं' हे एका घटनेचं वर्णन आहे. घटना बदलता येते. नवीन लिहिणाऱ्यांमध्ये मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. ते स्वतःवर आरोप करण्यात जेवढी शक्ती घालवतात, त्याच्या पाव हिश्श्यात एक परिच्छेद होऊन जाईल.

मग लक्ष आणायचं कसं? मी करायला सांगतो ते असं. रोज अर्धा तास. मोबाईल दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर नाही, दुसऱ्या खोलीत. कुठल्याही चांगल्या पुस्तकाचं एक पान वाचा, पुस्तक मिटा, आणि त्या पानात काय होतं ते आपल्या शब्दांत लिहा. पहिले चार दिवस लक्षात येईल की आपण वाचत नव्हतो, नुसते डोळे फिरवत होतो. दहाव्या दिवशी सहा-सात वाक्यं सहज होतील. हे साहित्य नाही. पण हात आणि चित्त एका जागी आलेत, आणि सुरुवात म्हणतात ती हीच.

दुसरा समास कवित्वाचा. मराठीतल्या साहित्यविचाराचा हा एक जुना आणि महत्त्वाचा तुकडा आहे. समर्थ कवित्वाचे प्रकार पाडतात: धीट, पाठ आणि प्रासादिक. मनाला आलं ते धीटपणानं, बळंच जुळवून टाकलं, ते धीट. पुष्कळ ग्रंथ पाहिले, पाठ केले आणि त्यांच्यासारखंच आपणही उतरवलं, ते पाठ. दिसेल त्याचं झटपट वर्णन केलं पण आत भक्ती नाही, त्याला ते धीटपाठ म्हणतात. आणि ज्याचं चित्त पैसा, वैभव, वासना यांतून सुटलंय, ज्याला आतून परमेश्वराचा ध्यास लागलाय, त्याच्या तोंडून सहज येतं ते प्रासादिक. पुढे चांगलं कवित्व कसं असावं तेही सांगतात. ते निर्मळ असावं, सरळ असावं, अन्वय लागावा, कळावं. 'मला कळलं नाही म्हणजे काहीतरी थोर असणार' या समजुतीला तिथं जागा नाही.

मूल्यमापन म्हणून ही वर्गवारी आजही वापरता येते. एखादा दिवाळी अंक घ्या आणि कवितांवर पेन्सिलीनं धी, पा आणि प्र लिहीत जा. तासाभरात अंक वाचून होईल आणि तुमची समीक्षाही तयार होईल.

पण इथं माझा आक्षेप आहे. ही वर्गवारी झालेल्या लेखनाची आहे. नवखा माणूस ती होणाऱ्या लेखनाला लावतो आणि मग अडतो. पहिलं पान लिहितो, वाचतो, म्हणतो, 'हे धीट झालं.' फाडतो. दुसरं लिहितो, 'हे तर अमक्यासारखं वाटतंय, पाठ झालं.' फाडतो. आणि प्रासादिकाची वाट बघत बसतो. ते काही येत नाही. आपण ज्याला 'रायटर्स ब्लॉक' म्हणतो (विसाव्या शतकाच्या मध्यावर एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकानं रूढ केलेला हा शब्द) त्याच्यातला मोठा हिस्सा एवढाच आहे: पहिल्या खर्ड्याकडून शेवटच्या खर्ड्याची अपेक्षा.

खुद्द समर्थांचं चरित्र काय सांगतं? लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेला बारा वर्षांचा मुलगा नाशिकजवळच्या टाकळीला पोचतो आणि बारा वर्षं साधना करतो. त्या काळात त्यानं वाल्मीकी रामायण स्वहस्ते उतरून काढलं, अशी परंपरा आहे. त्यांच्या हस्ताक्षरातली म्हणून सांगितली जाणारी ती प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. म्हणजे काय केलं? पाठ केलं! अक्षरशः दुसऱ्याचा ग्रंथ, ओळीमागून ओळ, हातानं. संपूर्ण रामायण लिहून काढणाऱ्या हातात लय, वाक्याची लांबी, प्रसंग कुठं थांबवायचा हे सगळं मुरलं असणार. मग हाच माणूस पाठ कवित्वाला खालची पायरी देतो, तेव्हा एवढं ध्यानात ठेवू या की ती खालची असली तरी पायरी आहे. वर गेलेला माणूस तिच्यावरूनच गेलाय.

म्हणून मी क्रम असा लावतो. आधी पाठ, म्हणजे आवडत्या लेखकाची पानं हातानं उतरवा. लाजू नका, छापायची नाहीत. मग धीट, म्हणजे मनाला येईल ते न थांबता लिहून काढा. त्यानंतर ते बाजूला ठेवा आणि आठवड्यानं समर्थांची कसोटी घेऊन बसा. निर्मळ आहे का? सरळ आहे का? अन्वय लागतो का? कसोटी आठवड्यानं लावायची, लिहिताना नाही. लिहिणारा आणि तपासणारा एकाच वेळी एकाच खुर्चीत बसले की दोघंही पडतात.

इथं तुलनेसाठी प्लेटो आठवतो. 'आयॉन' नावाच्या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की कवी ज्ञानानं बोलत नाही, देव त्याच्यातून बोलतो. लोहचुंबकाला लोखंडाची कडी चिकटते, तिला दुसरी, तिला तिसरी. तशी प्रेरणा देवाकडून कवीकडे, कवीकडून गाणाऱ्याकडे, मग श्रोत्याकडे. प्रासादिकाची कल्पना वरवर अशीच दिसते. पण फरक आहे. प्लेटोचा कवी कशालाच जबाबदार नाही. चुंबकानं ओढलं तर ओढला गेला. समर्थांचा प्रसाद मात्र माणूस कसा जगतो याच्याशी बांधलेला आहे. लोभ सुटला पाहिजे, ध्यास लागला पाहिजे. तो ध्यास देवाचा असेल, माणसांचा असेल, पाण्याच्या प्रश्नाचा असेल. मी तिथं सोवळं पाळत नाही. पण ज्याला नाव छापून यावं एवढाच ध्यास आहे, त्याचं दहाव्या पानावर अडणारच. कारण नावापुरतं साहित्य दहा पानांत संपतं.

तिसरा समास लेखनक्रियेचा. हा वाचून लोक हसतात. त्यात बोरू कसे निवडावेत, शाई कशी असावी, ओळी आखून घ्याव्यात, अक्षर गोलसर आणि मोकळं असावं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच लेखणीनं लिहिल्यासारखं दिसावं, हे सगळं आहे. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी आपल्यालाच वाचता येणार नाही. या शेवटच्या सल्ल्याची सत्यता मी सत्तरी ओलांडल्यावर रोज अनुभवतोय.

मला हा समास तिन्हींत सगळ्यात उपयोगी वाटतो. मन अडलेलं असतं तेव्हा मनाला ढकलून ते चालत नाही. तेव्हा हाताला काम द्यायचं. वही आखा. कालचं पान स्वच्छ उतरवून काढा. पात्रांची नावं, गावं, तारखा एका कागदावर लिहा. उतरवताना तिसऱ्या ओळीत एक शब्द खटकतो, तो बदलता, त्यानं पुढचं वाक्य बदलतं, आणि अडलेलं लेखन कधी चालू झालं ते कळतही नाही. आणि समास सोडायलाही विसरू नका. समर्थांनी तो कागद झडेल म्हणून सोडला, तुम्ही स्वतःचं मत बदलेल म्हणून सोडा. दोन्ही गोष्टी होतातच.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मोठा आहे. हा लेखनक्रियेचा समास सुरू होतो तो ब्राह्मणाला उद्देशून. त्या काळच्या व्यवस्थेत बोरू कोणाच्या हातात होता याची ती उघड नोंद आहे, आणि आदरापोटी ती झाकण्यात अर्थ नाही. कारण आज माझ्यासमोर जी मुलं बसतात, त्यातल्या अनेकांच्या घरात लिहिणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. त्यांचं अडणं निराळं असतं. त्यांना विषय नाही असं नसतं, लक्ष नाही असंही नसतं. 'माझी भाषा लिहिण्याजोगी नाही' असं त्यांच्या मनावर कोरलेलं असतं.

एक उदाहरण देतो. निवृत्तीनंतर एक तरुण माझ्याकडे लिखाण दाखवायला येत असे. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडे मोसंबीच्या बागा जळाल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. त्याच्या वडलांची बाग तशीच गेली. तो त्यावर लिहीत होता. पहिलं वाक्य होतं, पर्जन्यवृष्टीच्या अभावी आमच्या परिसरात भीषण परिस्थिती उद्भवली. चार महिने त्याचं लेखन तिथंच थांबलेलं. मी विचारलं, 'झाड तोडलं त्या दिवशी घरी कोण काय बोललं?' तो म्हणाला, 'कोणीच काही बोललं नाही. माय म्हणली, कुऱ्हाड शेजाऱ्याची आण, आपली नको.' मी म्हटलं, 'हे लिही.' तो म्हणाला, 'असं लिहितात का?' लेखनकोंडी ती हीच. चार महिने त्याला 'परिस्थिती उद्भवली' या दोन शब्दांनी अडवून धरलं होतं.

असं लिहितात. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ ची, एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, मराठवाड्याच्या बोलीत सांगितलेली. अण्णा भाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले, आणि 'फकिरा' लिहिली, १९५९ मध्ये आली. त्याच्याही आधी आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करत अभंग रचत होती. खानदेशात बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या ओव्या म्हणायच्या, घरच्यांनी वहीत उतरवून घेतल्या. त्या गेल्या १९५१ मध्ये आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. यातल्या कोणाच्याही हाती समर्थांनी सांगितलेली सामग्री नव्हती. पण समर्थांची दुसरी कसोटी लावा, निर्मळ, सरळ, कळेल असं, आणि हे सगळे उत्तीर्ण होतात. म्हणजे समर्थांचा एक समास ज्यांना दारात थांबवतो, त्यांना त्यांचाच दुसरा समास आत घेतो. समीक्षकानं हे दोन्ही सांगावं. एकच सांगणं सोपं असतं.

आता अडण्याबद्दल शेवटचा मुद्दा. प्रत्येक थांबणं म्हणजे कोंडी नव्हे. इमॅन्युएल कांट १७७० मध्ये प्राध्यापक झाला आणि त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं त्यानं फारसं काही छापलं नाही. १७८१ मध्ये त्याची शुद्ध बुद्धीची चिकित्सा आली, तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. त्यानं एका पत्रात कळवलं की विचार बारा वर्षांचा आहे, पण लिहून काढलं चार-पाच महिन्यांत.

हे कसं घडतं ते जालन्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मोसंबीला बहार धरायचा असेल तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात. परक्या माणसाला वाटेल बाग मेली. शेतकऱ्याला माहीत असतं की झाड आत अन्न साठवतंय, आणि पुन्हा पाणी दिलं की फुटणार. पण तोच शेतकरी हेही जाणतो की ताणाला माप असतं. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. माप चुकलं तर बहार राहिला बाजूला, झाड जातं.

आपला ताण आहे की झाड वाळतंय, हे ओळखायचं कसं? थांबलेल्या काळात तुम्ही वाचताय का? चिठ्ठ्याचपाट्यांवर काही टिपताय का? तो विषय रस्त्यानं जाताना डोक्यात येतो का? येत असेल तर ताण आहे, घाबरू नका, पण तारीख ठरवा आणि त्या दिवशी पाणी सोडा, म्हणजे बसा. यातलं काहीच होत नसेल, तर तो दुश्चितपणा आहे. मग पहिल्या समासाकडे जा, अर्धा तास, एक पान.

एक चिठ्ठी आली आहे. 'आता यंत्राकडून हवं ते लिहून मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला?' प्रश्न प्रामाणिक आहे. समर्थांच्या भाषेत उत्तर देतो. असंख्य ग्रंथ पाहिलेले आणि त्यासारखाच उतार काढलेला, हे पाठ कवित्वाचं वर्णन यंत्राला बरोबर लागू पडतं. अर्ज लिहायला, पत्र नीट करायला खुशाल वापरा. पण टाकळीला रामायण उतरवलं ते प्रत हवी होती एवढ्यासाठीच नव्हे. ते उतरवताना उतरवणारा घडला. तुमच्याऐवजी यंत्रानं पाठ केलं तर घडेल कोण? आणि शेजाऱ्याची कुऱ्हाड का आणायची, हे त्या माउलीच्या घरात जो होता त्यालाच ठाऊक आहे.

पुढच्या वेळी येताना ज्यांना लिहायचं आहे त्यांनी एक पान आणावं. विषय: तुमच्या घरात एखादा दिवस असा गेला की कोणी फारसं बोललं नाही, तो दिवस. घरात जे शब्द वापरले गेले तेच शब्द वापरा. चारी बाजूंनी समास सोडा. आणि अक्षर जरा मोठं काढा, मला वाचायचंय.